सर्व्हर पडला, कळवणे

सर्व्हर बंद पडल्याची खबर एसएमएसने हवी असेल, तर पहारेकरी सर्व्हरच्या बाहेर बसवावा लागतो. स्वतःच्या मयताची चिठ्ठी स्वतः धाडणारा अजून तरी कोणी झालेला नाही. पहारेकरी म्हणजे दुसरे यंत्र; ते मिनिटामिनिटाला सर्व्हरला हाक मारते. तीनदा ‘ओ’ आली नाही की संदेश सुटतो.

अधिकृत वाट दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमावलीतून जाते: आधी डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदवहीत, नोंदणी, मग पाठवणाऱ्याच्या नावाची मंजुरी, मग मजकुराच्या साच्याची. सर्व्हरने पडायचे ते मंजूर शब्दांतच. रोमनात एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत काना-मात्रा वेगळे मोजून ७०. मराठीतले संकट महागच.

स्वस्त वाट शेतातून जाते. विहिरीवरच्या मोटारीच्या मोबाइल स्टार्टरसारखाच सिम घातलेला जीएसएम मोडेम पहारेकऱ्याला जोडतात. इंटरनेट गेले तरी तो बोलतो. बऱ्याच रिचार्जमध्ये रोज १०० एसएमएस असतात. मिनिटाला एक सोडला तर पावणेदोन तासांच्या आत कोटा खलास. म्हणून पडल्यावर एक, उठल्यावर एक. मोडेमला आणि पहारेकऱ्याला बॅटरी हवीच, नाहीतर लाइन गेली की सर्व्हरसकट तिघेही एकदमच झोपतात. त्याहून स्वस्त फक्त मिस कॉल.