मलावीला जायचंय, मालदीवला नाही

नागपूरजवळच्या आमच्या बुटीबोरीतून आफ्रिकेला कोणी जात नाही असं नाही. एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या कामानं तिकडे राहून आलेली माणसं इथं चहाच्या टपरीवर भेटतात. त्यांना कोणी काही विचारत नाही. पण पदरचे पैसे घालून, बायकोमुलांना घेऊन, नुसतं पाहायला मलावीला जायचं म्हटलं की चौकशी सुरू. "काहून जी, काय आहे तिथं?"

आहे ना. टांझानिया, झांबिया आणि मोझांबिक यांच्या मधला हा देश महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान, आणि त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकाच सरोवराचा. सरोवराची लांबी सुमारे ५८० किलोमीटर. बुटीबोरीवरून हैदराबादला निघावं आणि पोचेपर्यंत एका बाजूला पाणीच दिसत राहावं, त्याहूनही लांब. त्यात माशांच्या शेकडो जाती, बहुतेक जगात दुसरीकडे कुठंच नाहीत. १९८४ पासून त्याचा दक्षिणेकडचा भाग युनेस्कोच्या यादीत आहे.

हे सांगून वर तिथलं जंगलही पाहायचंय म्हटलं की उत्तर येतं, "जंगलच पाहायचं तर आपलं बोरचं जंगल काय वाईट आहे?" बोर वाईट नाहीच. पण मला मलावीतलं माजेटेचं जंगल पाहायचंय. शिकारीनं तिथली मोठी जनावरं जवळपास संपली होती. २००३ पासून एकेक करून परत आणली: गेंडे, हत्ती, २०१२ साली सिंह. पुढे २०१६-१७ मध्ये माजेटे आणि लिवोंडे इथले पाचशे हत्ती ट्रकवर चढवून न्खोटाकोटाच्या ओस पडलेल्या जंगलात नेऊन सोडले. आपण चित्ते आणायच्या खटपटीत असताना हे ज्यांनी करून दाखवलं त्यांच्याकडे जाऊन पाहावंसं वाटणं यात नवल ते काय?

नागपूरच्या एका ट्रॅव्हल एजंटाकडे गेलो. मलावी म्हणालो, त्यानं मालदीवचं कोटेशन काढून दिलं, पाण्यावरच्या बंगल्यासकट. दुरुस्त केलं तर म्हणाला, "मग मसाई मारा करा ना, सगळे तेच करतात." सगळे करतात हे कारण मला मान्य नाही. मी त्याला देशाचं नाव स्पष्ट सांगितलं होतं आणि माहिती त्या देशाची हवी होती. ती देता येत नसेल तर तसं सांगावं, दुसरा देश गळ्यात मारू नये.

मग लस. पीतज्वराच्या देशांच्या यादीत मलावी नाही. पण मुंबईहून सोयीचं विमान आदिस अबाबावरून जातं, आणि इथिओपिया त्या यादीत आहे. विमानतळाबाहेर पाऊल न टाकणाऱ्याला सूट मिळू शकते, पण भारतात उतरल्यावर आरोग्य अधिकाऱ्याला ती मान्य व्हावी लागते. नाही झाली तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लहान मुलं बरोबर असताना हा धोका कोण पत्करेल? लस घेतलेली बरी. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून लस ठरावीक वारीच देतात. हे कारण मला पटतं. वार कोणता हे फोनवर सांगत नाहीत, हे मात्र पटत नाही. बुटीबोरीहून नागपूर तीस किलोमीटर, वर्धा रोडची गर्दी, कंपनीतली अर्धी रजा, आणि खिडकीवर उत्तर: "आज नाही, परवा या." एक पाटी लावली असती तरी पुरलं असतं.

पैशांचंही तसंच. मलावीचा क्वाचा नागपुरात मिळत नाही, ठीक आहे, डॉलर नेऊ. पण जुन्या छपाईचे, घडी पडलेले डॉलर आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी नाकारतात. नव्या कोऱ्या नोटा मागितल्या तर काउंटरवरचा माणूस चिडला. "नोट ती नोट," म्हणाला. मलावीतल्या लिलाँग्वेत ती नोट परत आली तर मी काय करायचं, हे त्यानं सांगितलं नाही.

सगळ्यात लागतं ते आंब्याचं. नोव्हेंबरात वाशीच्या बाजारात मलावीचा हापूस येतो. झाडं कोकणातून नेलेल्या कलमांची, असं व्यापारी सांगतात. म्हणजे आपलं झाड तिथं रुजलं, त्याचं फळ विमानानं इकडे येतं आणि आपण चढा भाव देऊन खातो. एवढं नातं जुळलेल्या देशाबद्दल मराठीत प्रवाशाला उपयोगी पडेल असं एक पुस्तक मला नागपूरच्या दुकानांत मिळालं नाही.

महिनाही अगदी बरोबर निवडलाय. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीसकडे जातो, शाळा बंद असतात. तिथं तेव्हा पाऊस संपून थंड, कोरडे दिवस सुरू झालेले असतात. घड्याळ साडेतीन तास मागं, गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूनं. प्लग तेवढा चौकोनी तीन पिनांचा लागतो, तो घेतलाय. घरची मोठी माणसं अजून म्हणतात, "आधी दुबई तर करून या." दुबईला जायला आमची ना नाही, पण ती आधी का, हे कोणी सांगत नाही.

एजंटाला परवा कागदावर लिहून दिलं: जाताना मुंबई, आदिस अबाबा, लिलाँग्वे, परतताना ब्लँटायर. त्यानं कागद वाचला आणि विचारलं, "व्हिसा मालदीवचाच ना?"