कुरवदर्शनविधी

हा विधी किनाऱ्यावर आणि धरणांवर मुरलेल्या पक्षीनिरीक्षकांसाठी आहे. आक्षीच्या वाळूवर पोटावर सरपटलेले, नांदूर मध्यमेश्वरच्या मनोऱ्यात शिंक गिळलेले, शेजाऱ्याने चिवड्याची पिशवी उघडली म्हणून त्याच्याशी वर्षभर अबोला धरलेले असे आपण जे लोक आहोत, त्यांनाच काशीत मार्गदर्शन लागतं. बाकीच्यांना तिथे कुरव, म्हणजे सीगल, आपोआप दिसतात.

मुहूर्त: कोजागरीला पोचू नये. पूर ओसरलेला असतो, पण पायऱ्यांवर राहिलेला गाळ पाण्याच्या झोताने पुन्हा गंगेत ढकलणं चालू असतं आणि नेमकी आपली नवी खाकी विजार वाटेत येते. कार्तिक सरताना जावं. काशीची देवदिवाळी कार्तिकी पौर्णिमेला, आपली मार्गशीर्षात. सोबत येणाऱ्या आत्याने दोहोंत गल्लत केली आणि आमचं आरक्षण पंधरवडा पुढचं निघालं. कुरवांचं काही बिघडलं नाही.

आसन: संकठा घाटाची पायरी. एका अंगाला बैजाबाईंनी १८३० च्या सुमारास बांधवलेला शिंदे घाट, दुसरीकडे थोडं पुढे नागपूरकरांचा भोसले घाट. दोन्हीकडे आपलीच माणसं, म्हणून आवाज चढवू नये. शिंदे घाटाजवळचं रत्नेश्वराचं देऊळ दुर्बिणीत तिरकं दिसलं तर भिंगं पुसत बसू नये. ते तिरकंच आहे.

पहाटे उठण्याचा पराक्रमही इथे करू नये. गंगा काशीत उत्तरवाहिनी आहे आणि घाट तिच्या पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून बसलेले. सकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो. पुण्यवानाला तो चालतो, पण आपल्याला प्रत्येक कुरव काळाच दिसतो. दुपारी तीननंतर सूर्य पाठीशी येतो आणि पिसांचे रंग सांगू लागतो.

आता ओळख. काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव अशी पुस्तकी नावं आहेत. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी असतात. (नावं ठेवणारा बहुधा हिवाळ्यात रजेवर गेला होता.) म्हणून डोकं सोडून पंख बघावेत: पहिल्याच्या पंखाची पुढची कड पांढरी, दुसऱ्याच्या पंखाचं टोक काळं आणि त्यावर पांढरे ठिपके. प्रौढ तपकिरीची बुबुळं फिकी, काळ्याची गडद. पण ती दिसायला पक्षी हातभर अंतरावर यावा लागतो, आणि असा तो येत नसतो.

शेवटी आम्ही पायरी सोडून नाव केली. नावाडी सगळ्यांनाच ‘साइबेरियन’ म्हणतो. तपकिरी डोक्याचे कुरव लडाखच्या तळ्यांवरही अंडी घालतात, म्हणजे यातला एखादा स्वदेशीच असेल, हे त्याला समजावण्यात मी पाऊण तास घालवला. त्याने ऐकून घेतलं, आत्याच्या हातात शेवेची पुडी दिली आणि ‘आओ, आओ’ अशी हाक मारली. शे-दोनशे कुरव नावेवर आले.

तळलेली, खारट शेव हे पक्ष्यांचं अन्न नव्हे. हे वाक्य मी उभं राहून, दोनदा म्हटलं. तोवर आत्याने दहा रुपयांची पुडी फोडली होती. एक कुरव तिच्या बोटांशी घिरट्या घालू लागला.

“अरे, ह्याचे डोळे घारे आहेत बघ,” आत्या म्हणाली.

नोंदवहीत जात, संख्या, वेळ आणि उजेड लिहावा. शेवेचा उल्लेख करू नये.