आमचा सतरावा भाग कुठे आहे?

चहा घ्या आणि जरा निवांत बसा, कारण हे प्रकरण उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. तुम्हीही कोरियन मालिका बघता, मला ठाऊक आहे. रात्री जेवणं आटोपली, ओटा आवरला, की घराघरांत टीव्हीचा आवाज बारीक होतो आणि मंडळी सबटायटल्स वाचायला बसतात. म्हणजे अन्याय एकट्या माझ्यावर झालेला नाही. बाधितांच्या यादीत तुमचंही नाव आहे.

तक्रार अशी. प्रेम जुळताना दाखवण्यात कोरियन मालिकांचा हात धरणारं कोणी नाही. पण जुळलेलं प्रेम दाखवायची वेळ आली, की यांचा वेळ संपतो. ज्या सुखासाठी आपण पंधरा भाग जीव टांगणीला लावून बसतो, ते सोळाव्या भागाच्या शेवटी उरकून टाकतात. हे चालवून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, आणि पुरावे माझ्याकडे आहेत.

आधी रचना समजून घ्या. साधारण मालिका १६ भागांची, आठवड्याला दोन भाग, प्रत्येक भाग तासाभराचा किंवा त्याहून मोठा. पहिले चार भाग भांडणात जातात. पाचव्या-सहाव्यात पाऊस येतो. नायक छत्री उघडतो, दोघं चालायला लागतात, आणि बोलता बोलता छत्री हळूच तिच्या बाजूला कलते. तिला पत्ताच नसतो. कॅमेरा मागे सरकतो तेव्हा दिसतं, की तिच्या कोटाला थेंब लागलेला नाही आणि त्याचा अख्खा खांदा भिजून काळा पडलाय. माणूस तोंडातून शब्द काढत नाही आणि सगळं सांगून मोकळा होतो. अशा दृश्यासाठी मी या मालिका बघतो आणि बघत राहणार. पुढे आठव्या भागाच्या आसपास कबुली. नववा, दहावा, अकरावा हा सुखाचा हंगाम. बाराव्यात मुलाची आई ‘याला सोड’ म्हणत पैशांचं पाकीट घेऊन येते, नाहीतर जुनं गुपित. चौदाव्यात कुणीतरी कुणाच्या तरी भल्यासाठी, न सांगता, दूर निघून जातं. पंधराव्यात रडारड. आणि सोळाव्यात काळ्या पडद्यावर पाटी येते: ‘एका वर्षानंतर’.

त्या एका वर्षात काय झालं, याचा खुलासा कुणीही करत नाही.

पहिला पुरावा ‘डिसेंडन्ट्स ऑफ द सन’, २०१६. कॅप्टन यू शी-जिन आणि डॉक्टर कांग मो-यन. एक माणसं मारायच्या मोहिमांवर जाणारा, दुसरी माणसं वाचवणारी. त्यांनी एकमेकांना समजून घेण्यात किती भाग गेले ते तुम्हाला आठवत असेल. भूकंप झाला, साथ आली, अपहरण झालं, सगळं पार पडलं. आता तरी दोघांना एका सोफ्यावर बसू द्याल? पंधराव्या भागात तो मोहिमेवर मारला गेल्याची बातमी येते. वर्ष जातं. ती परदेशात सेवाकार्याला जाते, वायरलेसवर त्याचा आवाज येतो आणि तो वाळवंटातून चालत समोर येऊन उभा राहतो. मी डोळे पुसले, ते खरं. पण डोळे पुसून घड्याळ बघितलं तेव्हा उरला होता एक भाग. याच मालिकेत दुसऱ्या जोडीला गाडीत बसवून, गाडी आपली आपण चालायची सोय चालू करून, एक चुंबन बसवलेलं आहे. गाडीच्या तंत्रज्ञानाला वेळ मिळतो आणि शी-जिनच्या सुखाला मिळत नाही, याला प्राधान्यक्रम चुकणं म्हणतात.

दुसरा पुरावा ‘गॉब्लिन’, २०१६-१७. किम शिनचं वय ९३९ वर्षं. छातीत तलवार रुतलेली, ती उपसणारी वधू येईपर्यंत मरणसुद्धा नाही. वधू येते, प्रेम होतं, तलवार निघते, तो नाहीसा होतो. मग नऊ वर्षं शून्यात, बर्फात एकट्यानं चालणं. तोही काळ आपण त्याच्याबरोबर काढला. तो परत येतो, लग्न होतं. आणि लग्नाची फुलं सुकायच्या आत उतारावर एक ट्रक सुटतो, पलीकडे बालवाडीची मुलं, आणि ती वधू, जी उन-ताक, आपली गाडी मधे घालून त्यांचे प्राण वाचवते. तिच्या धैर्याला माझं वंदन आहे. पण नऊशे वर्षं थांबलेल्या माणसाला घरी निवांत रविवार किती मिळाले, हे विचारायचा अधिकार प्रेक्षक म्हणून मला आहे. ती पुढच्या जन्मी परत येते आणि मालिका संपते. म्हणजे सुख मंजूर झालं, पण अंमलबजावणी पुढच्या जन्मात.

आता लक्ष द्या. ‘डिसेंडन्ट्स’ची सहलेखिका आणि ‘गॉब्लिन’ची लेखिका एकच, किम उन-सुक. २००४ च्या ‘लव्हर्स इन पॅरिस’च्या लेखनातही त्या होत्या. ती मालिका अख्खा कोरिया थांबून बघत असे आणि तिच्या शेवटच्या भागात कळलं, की हे सगळं नायिकेनं लिहिलेलं कथानक होतं. तिथला प्रेक्षक किती संतापला ते आजही लोक सांगतात. संवाद लिहिण्यात बाईंना तोड नाही, आणि म्हणूनच माझी तक्रार जास्त आहे. ज्याला सुख लिहिता येतं त्यानंच ते दडवून ठेवलं तर मागायचं कुणाकडे?

प्रथा जुनी आहे. २००२ च्या ‘विंटर सोनाटा’नं आधी कोरिया आणि मग जपान वेडा केला. नामी बेटावरच्या झाडांच्या रांगेत आजही लोक फोटो काढतात. त्या वीस भागांत अपघात, विस्मरण, आपण बहीण-भाऊ तर नाही ना ही शंका, सगळं होतं. शेवटी तीन वर्षं जातात, नायकाची दृष्टी जाते, आणि समुद्रकाठच्या घरात दोघं भेटतात. भेटतात आणि संपतं. पुढच्या सगळ्यांनी तिथूनच धडा घेतला.

बचाव पक्षाचं पहिलं म्हणणं घाईचं आहे. तिथे वर्षानुवर्षं मालिका दाखवत असतानाच चित्रीकरण चालायचं, संवादाचे कागद त्याच दिवशी सेटवर पोचायचे, त्यामुळे शेवट घाईत व्हायचा. कष्ट मला मान्य आहेत. पण ‘डिसेंडन्ट्स’ प्रसारणाआधी संपूर्ण चित्रित झाली होती, कारण ती चीनमध्येही त्याच वेळी दाखवायची होती. तरी पंधरावा भाग तस्साच. शिवाय मनात आणलं तर मुदतवाढ मिळते. ‘माय लव्ह फ्रॉम द स्टार’ वीस भागांची ठरली होती, ती एकवीस झाली. म्हणजे तरतूद आहे, इच्छा नाही.

दुसरं म्हणणं असं, की विरहाशिवाय प्रेमाला गोडी नाही. विरहाचं महत्त्व आम्हाला कोणी शिकवू नये; आमच्याकडे विरहिण्या लिहिण्याची परंपरा ज्ञानदेवांपासून आहे. पण विरह जितका लांबवता, तितकं मिलनही द्यावं लागतं. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ बघा. पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून युन से-री उत्तर कोरियात जाऊन पडते आणि कॅप्टन री जंग-ह्योक तिला लपवतो. घरात यंत्र नाही म्हणून हा माणूस कॉफीच्या बिया स्वतः भाजतो, कुटतो आणि तिला कॉफी देतो. सीमेवरच्या ताटातुटीत त्या रेषेवर दोघं ज्या तऱ्हेनं एकमेकांकडे धावतात, ते बघून दगडालाही पाझर फुटेल. त्यानंतर त्यानं आधीच लिहून ठेवलेले मेसेज तिला वर्षभर मिळत राहतात. आणि अंतिम निकाल? वर्षातून दोन आठवडे, स्वित्झर्लंड. देशाची फाळणी खरी आहे, ती कुठल्याही लेखिकेला मिटवता येणार नाही, हे मी समजू शकतो. पण ते दोन आठवडे तरी नीट दाखवा! स्वित्झर्लंडमधल्या इझेल्टवाल्ड गावात, ज्या धक्क्यावर तो पियानो वाजवतो, तिथे इतके चाहते गेले की २०२३ मध्ये गावानं फिरतं दार बसवलं आणि ५ फ्रँक आकारायला सुरुवात केली. लोक पैसे मोजून त्या फळ्यांवर उभे राहतात, कारण पडद्यावर त्यांचं पोट भरलेलं नाही.

‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’ची गोष्ट तर मला अजून नीट बोलता येत नाही. २०२२ ची मालिका. तलवारबाजी करणारी ना ही-दो आणि १९९७ च्या आर्थिक संकटात घरदार गमावलेला बेक यी-जिन. पहिल्याच भागात ही-दोच्या मुलीचं आडनाव किम आहे हे कळलं होतं, तरी आपण सगळे सोळा भाग त्या आडनावाला काहीतरी स्पष्टीकरण असेल या आशेवर बसलो. स्पष्टीकरण नव्हतं. प्रेमं तुटतात, जगात असंच होतं. पण मग त्यांचा सुखाचा काळ तरी भरघोस दाखवायचा होता.

आणि या सगळ्यात बाजूला पडणाऱ्या त्या दुसऱ्या मुलाचं काय? ‘रिप्लाय १९८८’मधला जंग-ह्वान. शेजारच्या दक-सनवर त्याचं प्रेम, पण मित्राचं, थेकचंही, तिच्यावर मन आहे म्हणून हा गप्प. शेवटी एका रात्री धीर करून गाडी काढतो आणि प्रत्येक चौकात लाल दिवा. पोचतो तेव्हा थेक आधीच तिच्यासमोर उभा. दोष सिग्नलचा नव्हता, माझ्या कचरण्याचा होता, हे तो स्वतःशी कबूल करतो. इतका सरळ मुलगा बाजूला केलात. ठीक. मग ज्या जोडीसाठी केलात तिचं लग्न? लग्न दाखवलं ते दक-सनच्या थोरल्या बहिणीचं. जंग-ह्वानच्या त्यागाची पोचपावतीसुद्धा कुणी दिली नाही.

आपल्याकडच्या मालिकांनी हसू नये. आपल्याकडे लग्न लवकर लागतं, चांगलं आठवडाभर लागतं, पण मुंडावळ्या सुटायच्या आत स्वयंपाकघरात कारस्थान शिजायला लागतं आणि नवरा-बायको एकमेकांशी दोन वाक्यं प्रेमानं बोलायची राहून जातात. तिकडे प्रेम आहे, संसार नाही. इकडे संसार आहे, प्रेम नाही. आपण मराठी प्रेक्षक दोन्हीकडून वंचित.

प्रेम आणि संसार एकत्र दाखवणं जमतच नाही असं मात्र कुणी म्हणू नये. २०२५ ची ‘व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरीन्स’ बघा. जेजू बेटावरची ए-सन आणि तिचा ग्वान-शिक. लग्न सुरुवातीलाच होतं आणि मग अख्खं आयुष्य दाखवलं जातं: पोरं, कर्ज, दुःख, म्हातारपण. सासरी जेवायला बसलेत. पुरुषांचं बैठं टेबल वेगळं, बायकांचं वेगळं. आपल्याकडच्या पंगती ज्यांनी बघितल्यात त्यांना हे सांगायला नको. ग्वान-शिक काही बोलत नाही. बसल्या जागी वळतो, पाठ पुरुषांकडे, तोंड बायकोकडे, आणि तिच्या टेबलावर जेवायला लागतो. मला विचाराल तर शंभर चुंबनांच्या वर हे दृश्य आहे, आणि ते लग्नानंतरचं आहे.

तेव्हा माझी मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक जोडीला एक सतरावा भाग मिळालाच पाहिजे, आणि त्यात एकही ट्रक, एकही गुपित, एकही आई पाकीट घेऊन येता कामा नये. सोलमध्ये बरेचदा भाड्याऐवजी घरमालकाकडे मोठी रक्कम एकदम ठेवावी लागते, ती दोघांनी कशी जमवली ते दाखवा. ओला कचरा खाली कोण नेतं ते दाखवा. चुसोकच्या सणाला आधी कुणाच्या गावी जायचं यावरून वाहनांच्या रांगेत झालेली कुरबुर दाखवा. हिवाळ्याआधी घरात किमची घालतात तेव्हा नायकाच्या हाताला लाल तिखट लागू दे. पाऊसही येऊ दे. छत्री तेव्हाही तिच्याकडे कलते का, हे आम्हाला बघायचंय. प्रेम खरं होतं की नाही हे तिथेच कळतं, आणि पंधरा भाग रडलेल्या माणसाला ते कळायलाच हवं.