स्टीलचा तांब्या आणि कीट्स

इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेचा सराव चालू होता. सर म्हणाले, "उद्या स्टिल लाइफ. घरून एकेक भांडं आणा." मी निरोप जसाच्या तसा आईला दिला. तिला त्यातलं एकच कळलं, स्टील. मामांचं नाव आणि १९७४ कोरलेला आहेराचा तांब्या तिने लखलखीत घासून दिला.

बाकीच्यांनी माठ, सुरई, वांगी असलं काहीबाही आणलं होतं. सरांनी कपाळाला हात लावला. "गाढवा, स्टिल म्हणजे न हलणारं!"

"सर, हाही हलत नाही."

मग सरांची पट्टी हलली. तांब्यात खिडकी, पंखा, सर, मी असे सगळेच वेडेवाकडे दिसत होते. मी इमानदारीत सगळ्यांना काढलं. तांब्याच्या पोटावर सरांचं पोट जरा जास्तच सुटलं, त्याला माझा इलाज नव्हता.

बी.ए.ला तोच शब्द पुन्हा आडवा आला. कीट्सने १८१९ साली ग्रीक कलशावर कविता लिहिली. म्हणजे पुन्हा भांडंच! तिच्या पहिल्या ओळीतला दुसराच शब्द 'स्टिल'. कलशाला तो नवरी म्हणतो. आता ही नवरी निश्चल आहे, की 'अजूनतरी' कोणी तिला हात लावलेला नाही? विद्वानांचं आजतागायत एकमत नाही. मी पेपरात दोन्ही अर्थ लिहून मधे तिरकी रेघ मारली. मार्क अर्धा मिळाला. याच कीट्सने ताऱ्यावरच्या सुनीतात शेवटच्या सहा ओळींत 'स्टिल' चारदा वाढलाय. इतका आग्रह आमच्याकडे फक्त जिलबीला होतो.

शेक्सपिअरकडे हाच शब्द पुष्कळदा 'नेहमी' होतो, माया अँजेलोच्या १९७८च्या कवितेत 'तरीही'. मूळ मात्र एकच, न हलणारं. जे जागचं हललं नाही ते अजून तिथेच, नेहमी तिथेच, आणि ढकलूनही हललं नाही तर तरीही तिथेच. (दारू गाळायचं 'स्टिल' वेगळ्या घराण्यातलं, लॅटिन थेंबाच्या. उगाच सोयरीक जोडू नये.)

परवा एमआरआयला गेलो. तिथल्या पोराने आधी विचारलं, "काका, अंगात कुठे स्टील नाही ना?" मग नळीत ढकलून म्हणाला, "आता एकदम स्टिल राहायचं हां." मला सर आठवले, कीट्स आठवला, हसू फुटलं आणि मी हललो. सगळी तपासणी पहिल्यापासून.

तांब्या आमच्या स्वयंपाकघरात आहे. बुडाला पोचा आलाय, त्यामुळे ओट्यावर ठेवला की डुगडुगतो.