ताटस्थ पदार्थांची तटस्थ मीमांसा

पंगत गेली आणि बुफे आला, या घटनेचे सामाजिक परिणाम सर्वांनी चघळून झाले आहेत. भौतिक परिणामांकडे मात्र विद्वानांनी अक्षम्य दुर्लक्ष केले. पंगतीत ताट जमिनीवर असे. उतार काय तो फरशीचा, आणि तोही मोरीकडे. आता ताट डाव्या हातावर असते. म्हणजे उतार मनगटावर अवलंबून, आणि मनगट समोरून कोणता नातेवाईक येतो त्यावर. मोठ्या मामांना वाकून नमस्कार करताना ताट सहज दहा अंशांनी कलते. त्या क्षणी अळूचे फदफदे भज्यांच्या दिशेने निघते, कोशिंबिरीचे पाणी पुरीखाली शिरते, आणि श्रीखंड जिथल्या तिथे राहते. प्रस्तुत प्रबंधाचा विषय हे श्रीखंड आहे. (वाटीत घेतलेले श्रीखंड आमच्या कक्षेबाहेर. तो पळपुटेपणा आहे.)

श्रीखंड का ओघळत नाही, असे विचारले की घरोघरी एकच उत्तर मिळते: ‘घट्ट असतं म्हणून.’ हे उत्तर टिकत नाही, कारण काकवीही घट्ट असते. ताटात काकवी ओतावी, ताट तिरके टेकवून ठेवावे आणि मंगलाष्टके ऐकून यावे. काकवी काठाला लागलेली दिसेल. तिची चाल मंद, पण निष्ठा उताराशीच. श्रीखंडाला एक उंबरठा असतो. ओढ त्याहून कमी असेल तर ते दगडासारखे बसून राहते. ओढ वाढली की ओघळू लागते. युजीन बिंगहॅम या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने 1916 साली हा प्रकार पाण्यात कालवलेल्या चिकणमातीवर अभ्यासला, आणि अशा पदार्थांना आजही त्याचेच नाव आहे. हाताशी चक्का नसल्यामुळे त्याने चिकणमातीवर भागवले, असे आमचे नम्र मत आहे.

ही ओढ मोजणे अवघड नाही. थराची जाडी, घनता, गुरुत्वत्वरण आणि उताराच्या कोनाचा साइन यांचा गुणाकार करावा. 2 सेंटिमीटर थर, 10 अंशांचा कल आणि पाण्याइतकी घनता धरली तर ताटाच्या पृष्ठाशी सुमारे 34 पास्कल येतात. श्रीखंडाचा उंबरठा याहून वर असेल तर नमस्कार निर्विघ्न पार पडतो. थर दुप्पट केला की ओढही दुप्पट होते. ‘अहो, एवढं तरी घ्या!’ या आग्रहाला अशी एक भौतिक मर्यादा आहे, आणि ती यजमानाच्या आधी पाहुण्याच्या सदऱ्याला कळते.

उंबरठा ओलांडला गेल्यावरचे दृश्य तर डोळे भरून पाहावे. भार सगळ्यात जास्त ताटालगतच्या थरावर, म्हणून घसरगुंडी तिथेच होते. वरच्या भागापर्यंत ती पोचतच नाही; तो अखंड राहतो. त्यावरच्या चारोळ्या आपापसातले अंतर न मोडता पालखीत बसल्यासारख्या खाली येतात. पुढे पसरता पसरता थर पातळ होतो, ओढ घटते आणि उंबरठ्याखाली आली की सगळी मिरवणूक थांबते. काकवी कधी पोचणार हे तिचा दाटपणा ठरवतो. श्रीखंड कोणत्या जाडीला थांबणार हे त्याचा उंबरठा. या दोन प्रश्नांची गल्लत हेच आजवरच्या पाकशास्त्रीय वाङ्मयाचे मोठे वैगुण्य होय. थांबलेल्या ओघाच्या दोन्ही कडांना बांध उरतात, तेही याच कारणाने. हल्म नावाच्या संशोधकाने 1974 साली लाव्हाच्या प्रवाहांच्या कडेचे बांध याच हिशेबाने उलगडून दाखवले. ज्वालामुखी हा त्यातला गौण भाग.

हाच उंबरठा अजमावायला बांधकामावर 30 सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू ओल्या काँक्रीटने भरतात, शंकू अलगद वर उचलतात आणि ढीग किती खचला ते पट्टीने मोजतात. इंजिनियर याला स्लंप टेस्ट म्हणतात. गुरगुट्या भाताची मूद पाडून ‘पाणी जास्त झालं गं’ असा निकाल देणाऱ्या आजीला पट्टी लागत नाही.

पिठल्याचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे. ते गार होताना बेसनातल्या स्टार्चमुळे त्याचा उंबरठा चढत जातो. म्हणून गरम पिठल्याला भाताचा बांध लागतो आणि गार पिठल्याला उलथने.

आता पूर्वपक्ष. 1985 साली बार्न्स आणि वॉल्टर्स या जोडीने असा उंबरठा मुळात नसतोच, अशी शंका काढली. पुरेसा धीर धरला आणि पुरेशी नाजूक उपकरणे वापरली तर असे पदार्थही अतिमंद गतीने वाहताना दिसतील, असा त्यांचा रोख. वाद बराच गाजला. आमचा उत्तरपक्ष थोडक्यात असा: ताटात श्रीखंड तितका वेळ ठेवणारा मराठी मनुष्य अद्याप आढळलेला नाही. त्यामुळे आक्षेप तपासायला नमुनाच उरत नाही.

तरी वाचकांना एक विनंती. मोठे मामा येताना दिसले की आधी अळू संपवा, मग वाका. श्रीखंडाची चिंता नको. मात्र थर 2 सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि ताट दहा अंशांहून जास्त कलू देऊ नका.