वईवरून

अहो वहिनी, ऐकलंत का? या, अशा वईपाशी या. शेवग्याच्या आडोशाला बोलू, समोरच्यांच्या ओट्यावर सगळं ऐकू जातं.

परवा समोरच्या होमस्टेत झालं ते कळलंच असेल. तेच हो, मुंबईचं जोडपं. नागावला थंडी ती काय मेली, पण बाथरूमची खिडकी घट्ट लावलेली, झरोक्यात वर्तमानपत्र कोंबलेलं आणि आत गॅस गिझर! बाई आंघोळीला गेली ती येईचना. शेवटी कडी तोडली, तर भिंतीला टेकून बसलेली. गरगरतंय, मळमळतंय. मालक काय म्हणाले असतील? "रात्री कोंबडीवडे जास्त झाले." वर कोरोनातला तो ऑक्सिमीटर शोधून आणला, तिच्या बोटाला लावला नि सगळ्यांना दाखवत सुटले. 98! "बघा, ऑक्सिजन फर्स्ट क्लास!"

तेवढ्यात आमची भाची धावत गेली. ती नाही का, पवईला आयआयटीत... पॉर्फिरिन का काय ते करते. तिनं आधी बाईला अंगणात आणवलं, मग म्हणाली, "काका, रक्तात ऑक्सिजन बसलाय की कार्बन मोनॉक्साइड, हे त्या यंत्राला ओळखता येत नाही. त्याला दोन्ही सारखेच लाल." मालकांचा चेहरा असा खर्रकन उतरला म्हणता! तो चिमटा हातात तसाच.

तर काय सांगत होते... हां, पॉर्फिरिन. काल तिनं मला रांगोळीनं काढून दाखवलं. चार ठिपके नायट्रोजनचे, मधोमध लोखंड. हे आपल्या रक्तातलं हीम. पानांतही जवळजवळ तीच रांगोळी, फक्त मधे मॅग्नेशियम. अळूच्या फदफद्यात चिंच पडली की हिरवेपणा जातो ना, तो आंबटानं मॅग्नेशियमला हुसकल्यामुळे. मी इतकी वर्षं अळूलाच नावं ठेवत होते!

तर ऑक्सिजन कसा, लोखंडापाशी येतो, टेकतो, उठून जातो. हा मोनॉक्साइड मात्र पाट मांडूनच बसतो. 200 पट घट्ट म्हणे. म्हणून तर अलिबागला सिव्हिलला नेऊन बाईला मास्क लावला. साध्या हवेवर त्यातला निम्मा उतरायलाच 4-5 तास, शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीड तासात.

पण खरी गंमत पुढेच. हे हीम प्रथिनातून सुटं करून द्रावणात सोडलं ना, की झालं! एक इकडून येतं, एक तिकडून, मधे ऑक्सिजन. दोघंही त्यालाच धरतात नि दोघांचंही लोखंड गंजून बसतं. सोडायचं नाव नाही. अगदी आमच्या भावकीतली सामाईक विहीर! शरीरात प्रथिन त्यांना एकमेकांजवळ फिरकू देत नाही, म्हणून निभतं.

मग 1973 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या त्या कॉलमन नावाच्या गृहस्थांनी काय केलंन, पॉर्फिरिनच्या एका अंगाला चार खुंट उभे केले. दुसऱ्या अंगाला इमिडॅझोल टेकू दिला. दुसरं हीम काही आत शिरेना, ऑक्सिजन मात्र खुशाल ये-जा करतोय, तीही खोलीतल्या साध्या तापमानाला. नाव काय ठेवलं असेल? पिकेट फेन्स! म्हणजे वईच की हो! मी इतकी हसले, हे आतून विचारताहेत, काय झालं म्हणून.

मालकांनी काल गिझर गुपचूप बाहेरच्या भिंतीवर नेला. काकू मात्र घुश्श्यात. "त्या पोरीनं उगाच बोभाटा केला" म्हणे. बोभाटा! अहो, ती नसती तर...

अगंबाई, कोळीण आली. बांगडे घेणार ना? कल्ले उघडून बघा हं आधी. तांबडेलाल असले तर ठीक, तपकिरी असले तर लोखंड तिथंही गंजलंय. मागच्या रविवारी हिनंच तुमच्या जाऊबाईंना... गप्प, इकडेच येतेय.