सात मिनिटांचं इंजिन

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं. आमच्या विमानतळाचं त्याआधी सहा आठवडे, 27 ऑगस्टला, उलव्यातल्या आमच्या हॉलमध्ये झालं. त्याच संध्याकाळी तो बंदही पडला.

दोष ड्रोनचा नाही, पण सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागेल. तो मी गच्चीवरून उडवायला आणला होता. शंभर ग्रॅमचं खेळणं. 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्याला पायलटचा परवाना-बिरवाना लागत नाही, हे मी घरात तीनदा वाचून दाखवलं. पुढचं पान मात्र वाचलं नव्हतं. लाल क्षेत्रात नॅनोलाही परवानगी लागते, आणि घर घेतलं होतं विमानतळाच्या कुंपणाशी. नकाशावर आमची सोसायटी गुलाल उधळल्यासारखी लाल दिसली. ड्रोन कपाटावर गेला.

गणपतीत देखावा ठरला विमानतळाचा. थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी, म्हणून सगळं पुठ्ठ्याचं. 11 ऑक्टोबर 2024 ला हवाईदलाचं सी-295 इथल्या धावपट्टीवर उतरलं होतं, तेच करायचं होतं. त्याला पंखे दोन. माझ्याकडे ड्रोनच्या मोटरी चार, म्हणून आमच्या सी-295 ला चार. पाच दिवस पंखे फिरते ठेवायचे, अशी घोषणा मी सोसायटीच्या ग्रुपवर करून बसलो.

माझा हिशेब सोपा होता. ड्रोन सात मिनिटं उडतो, कारण बॅटरी संपते. म्हणजे अडचण बॅटरीची. तिला काढून मोटरी भिंतीतल्या विजेवर लावल्या की झालं! आधी मोबाइलचा चार्जर लावला. अशी एक मोटर जोरात फिरताना दोनेक अँपिअर ओढते. चार मोटरींपुढे चार्जरला उचकी लागली. मग लॅमिंग्टन रोडवरून पाच व्होल्ट, दहा अँपिअरचा डबा आणला. ड्रोनची बॅटरी 3.7 व्होल्टची, भरलेली असताना 4.2. पण पाच आणि चार यांत फरक तो काय, असं म्हणून मी बटण दाबलं.

विमान किंचाळलं. छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशे फेरे घेतो. या मोटरी चाळीस-पन्नास हजारांच्या घरातल्या. दूर्वा उडाल्या. आईच्या हातातलं निरांजन विझलं, पुन्हा लावलं, पुन्हा विझलं. ड्रोनच्या दोन मोटरी सुलट फिरतात, दोन उलट, आणि पातीही तशीच दोन जातींची असतात. मी पाती अदलाबदल करून बसवली होती. त्यामुळे उजवे पंखे वारा शेपटीकडे फेकत होते आणि डावे थेट आरतीवर. “अहो, देवाला सर्दी होईल,” बायको म्हणाली. मी पाती नीट लावली आणि आरती पार पडली.

तासाभरात उजवीकडून जळका वास आला. नंतर एकेक करत चारही मोटरी गेल्या. शेजारचे काका प्रसादाचा मोदक खात म्हणाले, “फ्लाइट लेट आहे का?”

रात्री पुतण्याने एक मोटर उघडली. साडेआठ मिलिमीटर जाड, वीस मिलिमीटर लांब. आत लोखंडाचा गाभा नाही, नुसत्या तांब्याच्या तारेची चिकटवलेली पोकळ वाटी. म्हणूनच ती हलकी. ती तापली की चिकटवण सैल होते, वाटी वाकडी होऊन घासते. वीज पोचवणारे ब्रश केसासारखे बारीक, ते ठिणग्यांनी झिजतात. अशा मोटरीचं सगळं आयुष्यच मुळी थोड्या तासांचं. उडताना निदान वारा लागतो, मी तर त्यांना पुठ्ठ्याच्या नळीत कोंडून वर कापसाचे ढग चिकटवले होते. कापूस पेटला नाही ही गजाननाची कृपा.

बायकोने काही न बोलता मिक्सर उलटा करून माझ्यापुढे ठेवला. खाली छापलं होतं: पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद. चटणी वाटताना ती मध्ये का थांबते, हे वीस वर्षं समोर बसूनही मी विचारलं नव्हतं. बॅटरी संपणं हीच त्या मोटरींची दोन मिनिटं होती, आणि मी ती काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने जुन्या कॉम्प्युटरचे बारा व्होल्टचे दोन पंखे विमानाला बसवले. त्यांत ब्रशच नसतात, आणि ते वर्षानुवर्षं चालण्यासाठीच केलेले असतात. विमान दिसायला कुरूप झालं, पण 31 तारखेच्या विसर्जनापर्यंत एकदाही थांबलं नाही. कौतुक पुतण्याचं झालं, वर्गणी माझी गेली.

ड्रोन अजून कपाटावर आहे. मोटरी नसल्यामुळे आता तो सगळ्या नियमांत बसतो.